बाबांचा आवाज आणि निळ्या आकड्यांचा कंडेन्सर

आमच्या भागात कुठलीही वस्तू मंदावली की निदान आधीच ठरलेलं असतं. पंखा हळू फिरतो? कंडेन्सर गेला. विहिरीवरची मोटर नुसतीच गुरगुरते? कंडेन्सर बदल. तीनपैकी दोनच फेज आल्या आणि धानाला तर पाणी पाहिजेच, मग एक कंडेन्सर टाकून त्या दोनांवरच मोटर फिरवायची. कधी मोटर जळतेही, पण तेव्हा दोष मोटरीचा निघतो, कंडेन्सरचा कधीच नाही. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावपासून थोडं आत असलेल्या आमच्या गावात प्रत्येक घराच्या फळीवर एखादा जुना कंडेन्सर पडलेला असतो. माझा धाकटा भाऊ तर या पंथाचा पुजारीच. त्याच्या दृष्टीने जगात दोनच प्रकारच्या अडचणी आहेत, एक कंडेन्सरने सुटणाऱ्या आणि दुसऱ्या मोठ्या कंडेन्सरने सुटणाऱ्या.

मी लग्नानंतर गोंदियाला राहते. एका कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये सामान काढून देण्याचं आणि जागेवर ठेवण्याचं काम करते. त्यामुळे भाऊ मला 'लॅबवाली' म्हणून चिडवतो आणि मी चिडते. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो असं माय म्हणते. त्यात खोटं काही नाही. पण गेल्या दिवाळीला मी चिडले त्याचं कारण भाऊ नव्हता. कारण होतं बाबांचा आवाज.

दिवाळी आटोपली की आमच्याकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. प्रत्येक गावाचा दिवस वेगळा, म्हणजे पाहुण्यांना सगळीकडे जाता येतं. लग्न झालेल्या लेकी माहेरी येतात, दुकानं लागतात, दंडार, म्हणजे आमच्याकडचं लोकनाट्य, रंगते आणि रात्री नाटक होतं. मंडईच्या सकाळी भोंगा लावलेली एक गाडी आजूबाजूच्या गावांतून नाटकाची जाहिरात करत फिरते. माझ्या आठवणीत आमच्या गावच्या त्या गाडीतला आवाज बाबांचाच. 'भव्य दिव्य' वगैरे त्यांना जमत नसे. प्रत्येक गावाच्या तोंडाशी गाडी थांबवून ते आधी चौकशी करायचे, "धान कापून झाला का गा? नसन झाला तं उद्या कापा. आज आमच्या गावी नाटकाले या." लोक हसत दारात यायचे. बाबांची जमीन चारचौघांसारखीच होती, पण तो आवाज दुसऱ्या कोणाकडे नव्हता आणि त्यांना त्याचा गर्व होता. असायलाच पाहिजे होता.

मायचीही एक ठरलेली रीत होती. गाडी निघाली की ती अंगणात उभी राहून ऐकायची. आवाज लांब लांब जात विरेपर्यंत चुलीकडे वळायची नाही. मग दुपारी जेवायला वाढताना सांगायची, "आज शाळेपरेंत ऐकू आला," किंवा वारा बरा असला तर, "आज नाल्यापरेंत." नाला म्हणजे आमच्या शिवाराची हद्द. नाल्यापर्यंत ऐकू आला त्या दिवशी बाबा भात जास्त खायचे.

उन्हाळ्यात बाबांचा आवाज घोगरा झाला आणि मग बसलाच. नागपूरला दाखवलं. स्वरयंत्रावर गाठ होती. ती काढली, तपासली, साधी निघाली. आम्ही सुटलो. डॉक्टरांनी सांगितलं की पूर्वीचा आवाज पुरता येणार नाही, पण बराचसा येईल, फक्त बोलत राहा आणि कुजबुजू नका. तिथे आवाजाचे व्यायाम शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी रोज सकाळी पोटातून जोर लावून आकडे म्हणायला सांगितले होते, सावकाश आणि मोकळ्या आवाजात. बाबांनी घरी आल्यावर एक दिवस म्हणून पाहिले. घशातून फाटकं, घरघरतं काहीतरी निघालं. ते ओशाळले आणि म्हणाले, "मी का बालवाडीत हाओ का?"

त्यानंतर ते गप्पच झाले. पाणी हवं असेल तर हाताने खूण. फोनवर मी 'बाबा' म्हटलं की पलीकडून नुसतं 'हं'. माय म्हणायची, "दिवसभर ओसरीवर बसते मानूस, पन घरात कोनी नाई असा वाटते." ते 'हं' ऐकून मी फोन ठेवला की मला एकटीला रडू यायचं. गाठ गेली होती, माणूस जागचा जागी होता आणि तरी आमचे बाबा आम्हाला परत मिळाले नव्हते.

दिवाळीला माहेरी गेले तेव्हा नाटक मंडळाचे एक जण ओसरीवर येऊन बसले होते. फार अदबीने त्यांनी सांगितलं की या साली जाहिरात रेकॉर्ड करून पेनड्राइव्हवर आणली आहे, गोंदियाच्या एका मुलीचा आवाज आहे, काकांना उगाच त्रास नको. बाबांनी मान हलवली. खिशातून रुमाल काढून उगाच तोंड पुसलं. मी आतून हे पाहत होते आणि माझं डोकं भणभणलं. ते गृहस्थ गेल्यावर मी तोंड सोडलं. भाऊ मात्र शांत होता. म्हणाला, "ताई, तू बोंबलू नको. मी बंदोबस्त केला हाय. बाबाचा आवाज लहान झाला ना? मशीन मोठी करू."

बंदोबस्त अंगणातच उभा होता. भावाने एक जुनी व्हॅन घेतली होती. माल वाहायला घेतली म्हणत होता, पण मागच्या अर्ध्या भागात बेसचा भलामोठा डबा, त्याला चालवणारा अँप्लिफायर, म्हणजे भावाची ती मशीन, आणि वर टपावर दोन भोंगे. वायरिंग सगळं त्याने स्वतः केलेलं. बेस कशाला, असं मी विचारलं तर म्हणाला की मधेमधे गाणं नाही वाजवलं तर आजकाल कोणी मान वळवून बघत नाही.

पहिली चाचणी भाऊबिजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी झाली. इंजिन सुरू केलं, गाणं लावलं. पहिल्या ढोलाच्या ठोक्याला छपराच्या कवेलूंवरची धूळ पडली. माय बाहेर येऊन काय बोलायचं ते बोलली. भावाने गाणं थोडं कमी केलं आणि माईक बाबांच्या हातात दिला. बाबा नको नको म्हणत होते, पण माईक हातात आल्यावर बोटं आपोआप जुन्या जागी बसली, ते मी पाहिलं. त्यांनी घसा साफ केला. "ऐका हो," एवढं म्हणाले, तोच ढोल पडला, मशीनवरचे दिवे मिणमिणले आणि सगळं चूप. लाल दिवा लागला. बंद करून पुन्हा चालू केलं. पुन्हा "ऐका हो," पुन्हा ढोल, पुन्हा चूप. तिसऱ्या खेपेला बाबांनी माईक सीटवर ठेवला.

"मशीन बी घेऊन नाई राहिली माहा आवाज," ते म्हणाले. कुजबुजतच म्हणाले. "पेनड्राइव्हच लावा."

आणि आत जाऊन पडले. मशीनला बाबांच्या आवाजाशी काही घेणंदेणं नव्हतं, ते ढोलाने बंद पडत होतं, हे मला कळत होतं. पण ते त्यांना सांगून पटणारं नव्हतं. मंडई चार-पाच दिवसांवर आली होती. भावाने डोकं खाजवलं आणि मी ओळखलं आता तोंडातून काय निघणार ते.

"कंडेन्सर पाहिजे," तो म्हणाला.

चुलीवरून मायचा आवाज आला, "गळ्याचा बी भेटला तं घेऊन ये."

आम्ही दोघं गोंदियाला गेलो. बाजारात गाड्यांना साऊंड बसवून देणारं एक दुकान आहे. दुकानदाराने काचेच्या कपाटातून एक चकचकीत नळकांडं काढलं, शेवयाच्या डब्याएवढं. त्याच्या डोक्यावर व्होल्ट दाखवणाऱ्या निळ्या आकड्यांची पट्टी होती. भावाचे डोळे असे लकाकले की मला त्याच्या लग्नातही तसे दिसले नव्हते.

"भैया, इससे पावर बढ़ेगा क्या?" मी विचारलं.

"पावर नहीं बढ़ता दीदी," दुकानदार सरळ म्हणाला. "पावर तो बैटरी और डायनामो से आता है. ये बस झटका संभालता है. ढोल पड़ा, एकदम से खिंचा, तो उतने टाइम थोड़ा ये दे देता है."

"आणि मग रिकामा झाल्यावर?"

"फिर उसको भी बैटरी ही भरेगी ना."

मी भावाकडे पाहिलं. म्हटलं, ऐकलंस का? त्याने ऐकलं होतं, पण फक्त 'संभालता है' एवढंच. नळकांडं छातीशी धरून तो बाहेर पडलासुद्धा.

घरी आल्याबरोबर त्याने ते अँप्लिफायरच्या शेजारी बसवलं. निळे आकडे पेटले. शेजारचे दोघे-तिघे बघायला आले आणि मान डोलावून गेले. गाणं लावलं. पहिला ठोका दणक्यात गेला, दिवे मिणमिणले नाहीत. भावाने माझ्याकडे पाहून मिशीवर हात फिरवला. दुसरा ठोका गेला. तिसऱ्या-चौथ्याला दिवे मंदावले आणि थोड्याच वेळात मशीन चूप.

"लहान पडला," भाऊ म्हणाला. "याच्या दुप्पट पाहिजे."

"तुझ्या डोक्यात बसव," मी म्हणाले. मग पाच मिनिटं आम्ही दोघं लहानपणी भांडायचो तसे भांडलो. भांडता भांडता माझी नजर त्या आकड्यांवर गेली. मशीन बंद होण्याआधी ते झरझर खाली आले होते. लॅबमध्ये रात्रंदिवस मीटर मांडून देणारी मी आणि हे मला आधी सुचू नये? मोटरीसाठी ठेवलेलं मीटर भावाला आणायला सांगितलं. या व्हॅनची बॅटरी पुढच्या सीटखाली. भाऊ पुढे बॅटरीला मीटर लावून बसेल, मागे कोणीतरी निळे आकडे वाचेल आणि दोन्ही जुळवून बघू, असं ठरलं. मागे कोण? मी गाणं कमीजास्त करायला हवी होते. भावजय दिवाळीला तिच्या माहेरी गेली होती, माय शेव तळत होती.

ओसरीवर बाबा उभे होते. आमचं भांडण ऐकून बाहेर आलेले.

"बाबा, तुम्ही बसा मागं," मी म्हणाले. "आकडा बदलला की सांगायचा फक्त." खरं सांगते, त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काही नव्हतं. मला आकडे वाचणारा माणूस हवा होता.

बाबा मागे बसले. इंजिन सुरू झालं, गाणं सुरू झालं. बाबांचे ओठ हलले, ऐकू काही आलं नाही.

"का म्हनता?" भाऊ पुढून ओरडला.

पुन्हा ओठ हलले.

"आवाज नाई येऊन राहिला बाबा! जोऱ्याने!"

मी भावाला डोळ्यांनी दटावलं, पण तो बॅटरीत डोकं घालून बसलेला. आणि मग मागून आलं, "बारा!" घरघरतं, फाटकं, पण आलं. "साडेअकरा! अकरा! साडेदहा, गेला, गेला, गेला!" मशीन चूप झालं. अचानक झालेल्या शांततेत तो शेवटचा 'गेला' अंगणभर ऐकू गेला.

"आनि माह्यापाशी साडेतेराच हाय," भाऊ गोंधळून म्हणाला. "इतं तं हालतच नाई."

पुन्हा लावलं. पुन्हा मागे बारा, अकरा, दहा आणि पुढे साडेतेरा. आता बाबांना चेव आला होता. ठोक्याच्या मधे जागा साधून, पोटातून जोर लावून ते आकडा टाकत होते, जसा जाहिरातीत टाकायचे तसा. माय तळणीतला झारा हातात तसाच घेऊन दारात आली. "कोन बोलून राहिला?" तिने मला विचारलं. मी व्हॅनकडे बोट दाखवलं.

बाबाच गाडीतून उतरले. "पुढं पानी भरपूर हाय," ते म्हणाले, "मागच्या बांदीत येऊन नाई राहिला. मधात कुटं तरी मुरून राहिला." धानाच्या बांद्यांत, म्हणजे बांध घातलेल्या वाफ्यांत, आयुष्य गेलेल्या माणसाला हे कोणी शिकवायला नको. पाटाच्या शेवटी कितीही मोठा रांजण पुरून ठेवा, पाटातून पाणीच आलं नाही तर तो भरणार कुठून?

"वायर कोणती टाकली तू?" मी भावाला विचारलं.

तो गाडीखाली बघायला लागला. घरात विहिरीकडची जुनी वायर उरली होती, तीच त्याने ओढली होती. ती मोटरीला पुरायची, पण बॅटरीच्या बारा व्होल्टवर एवढं मोठं मशीन ओढायला बोटभर जाडीची वायर लागते. आणि अर्थिंगचा स्क्रू त्याने गाडीच्या पत्र्याला आवळला होता, रंगाच्या वरूनच. रंगातून कुठे वीज जाते? मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात बाबांनी हात वर केला. म्हणाले, "राहू दे वं. त्यानं माह्यासाठीच केला ना." त्यांचं एवढं लांब वाक्य मी कित्येक महिन्यांनी ऐकत होते. मी गप्प बसले, माझ्या बाबतीत ही छोटी गोष्ट नाही.

दुसऱ्या दिवशी जाड वायर आणली. भावाने पत्रा घासून चकचकीत केला, अर्थिंग आवळलं. गाणं लावलं आणि बाबा न सांगता मागे जाऊन बसले. "साडेतेरा! तेरा! साडेतेरा! तेरा!" ढोल पडत राहिला, दिवे हलले नाहीत, मशीन चालत राहिलं. मग मी हट्टाने कंडेन्सर काढायला लावला आणि त्या जागी साधं मीटर लावून पाहिलं. तेच आकडे. कानालाही काही फरक कळला नाही. मी भावाला म्हटलं, "बघ. तुझ्या देवाने काहीच केलं नाही."

भाऊ हिरमुसला. कंडेन्सर पुसून तो फळीवर ठेवायला निघाला, जिथे बाकीचे ठेवलेले असतात. तेव्हा बाबा म्हणाले, "लाव तो परत. मले आकडे दिसले पाहिजे."

आणि पुढचे दोन दिवस रोज सकाळी चहा झाला की बाबा व्हॅनमध्ये जाऊन बसायचे. भाऊ इंजिन सुरू करायचा, गाणं लावायचा आणि बाबा आकडे म्हणायचे. साडेतेरा, तेरा, चौदा. नागपूरच्या बाईंनी एक ते दहा म्हणायला सांगितले होते तेव्हा ते बालवाडीतलं काम होतं. आता ते गाडीचं काम होतं, आणि घरात एवढा महत्त्वाचा माणूस दुसरा कोणी नव्हता. आवाज फाटका होता तो फाटकाच होता, पण दर सकाळी थोडा जास्त वेळ टिकत होता. मी त्यांना त्या बाईंची आठवण करून दिली नाही. मायनेही नाही.

मंडईच्या सकाळी भाऊ स्टेज बांधायला गेला होता, म्हणून गाडी मी चालवली. मंडळाने जाहिरातीला भावाचीच गाडी घेतली होती आणि सोबत पेनड्राइव्ह दिला होता, तो मी खणात ठेवला. बाबा स्वच्छ धोतर, टोपी घालून मागच्या सीटवर बसले, तिथून आकडे दिसतात. मी विचारलं, "बाबा, लावू पेनड्राइव्ह की बोलता?"

त्यांनी माईक घेतला. सगळे लोक माईक तपासायला 'हॅलो, हॅलो' म्हणतात. आमच्या भोंग्यांतून साऱ्या गावाने ऐकलं, "तेरा. साडेतेरा. चौदा." मग घसा साफ केल्याचा आवाज आणि मग, "ऐका हो. धान कापून झाला का गा?"

शेजारच्या अंगणात धान वाळवणारी एक बाई हातातलं काम टाकून सरळ उभी राहिली. आरशात मला आमचं दार दिसत होतं. माय अंगणात येऊन उभी राहिली होती. मी गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि सावकाश शाळेवरून, हातपंपावरून नाल्याच्या बाजूने निघाले. बाबा प्रत्येक वळणावर बोलत होते. मधेमधे दम लागायचा तेव्हा मी गाणं लावायची. ढोल दणकून वाजायचा, बाबा निळ्या आकड्यांकडे बघायचे आणि पुन्हा माईक उचलायचे. पाच गावं झाली. पेनड्राइव्ह खणातच राहिला.

दुपारी आम्ही चौघं जेवायला बसलो. पूर्वी माय आपणहून सांगायची. या वेळी ती काही बोलेना. भात वाढला, वरण वाढलं. शेवटी बाबांनीच विचारलं, जन्मात पहिल्यांदा, "कुठपरेंत आला?"

"नाल्यापरेंत आला," माय म्हणाली. तिने तुपाची वाटी पुढे सरकवली. "त्याच्या समोरचा मले मालूम नाई. मी रडून राहिली होती."

बाबांनी ताट पुढे केलं, भात आणखी वाढ म्हणून. मग भावाने भाताचा घास गिळला आणि म्हणाला, "कंडेन्सर हाय ना."

या खेपेला मी वाद घातला नाही.